कर आपणही भरतो, मग हिशोब कुठाय?

(राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी भागातल्या वाड्या-वस्त्यांच्या बैठकीत संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं हे भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. वस्तीवर एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



आजची बैठक वनहक्काच्या दाव्यांसाठी आहे. दाव्यांवर बोलणारच आहोत. पण त्याआधी एका वाक्याचा निकाल लावायचा आहे. ते वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. तालुक्याला दाखल्यासाठी गेलो की ऐकतो, बाजारात ऐकतो, वडापमध्ये शेजारी बसलेला माणूस बोलून जातो. "तुम्हा लोकांना सगळं फुकट पाहिजे. कर आम्ही भरायचा, आणि रेशन, घरकुल, जमीन तुम्ही घ्यायची."

हे ऐकून आपण काय करतो? मान खाली घालतो. आपल्यालाही वाटतं, खरंच असेल बाबा. आपण कुठं कर भरतो? आपल्याला तर कसली नोटीस येत नाही, कुठल्या रांगेत उभं राहून कर भरल्याचं आठवत नाही. आणि मान एकदा खाली गेली की माणूस हक्क मागत नाही, मेहरबानी मागतो. साहेब बघा काहीतरी, म्हणतो. आपल्या जमिनीच्या लढ्याचं निम्मं नुकसान या एका वाक्याने केलंय. म्हणून आज आम्ही हिशोब घेऊन आलोय. आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं आहोत, मोठे अर्थतज्ज्ञ नाही. पण बेरीज-वजाबाकी येते. तेवढी या कामाला पुरते.

पहिली गोष्ट. कर दोन जातीचे असतात. एक समोरून घेतात, एक पाठीमागून घेतात.

समोरून घेतात तो उत्पन्न कर, इन्कम टॅक्स. ज्याची कमाई जास्त त्याने भरायचा. आपली कमाईच तेवढी नाही, म्हणून आपल्याला तो लागत नाही. काही लोक म्हणतात, आदिवासींना सरकारने इन्कम टॅक्स माफ केलाय. ते आपल्याबाबत खरं नाही. तशी सवलत कायद्यात आहे, पण ती नागालँड, मिझोराम, मणिपूर अशा ईशान्येकडच्या भागात आणि लडाखमध्ये राहणाऱ्या जमातींना आहे. महाराष्ट्रातल्या आदिवासीला ती नाही. आपल्यातलं एखादं पोर शिकून मोठ्या पगाराच्या नोकरीला लागलं, तर बाकीच्यांसारखाच त्याच्याही पगारातून कर कापतात. तेव्हा हे खोटं बोलणं कुणी काढलं, तर तिथल्या तिथं खोडून काढा.

आणि आपल्याला "आम्ही भरतो" म्हणणारे सगळे तरी हा कर भरतात का? २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला उत्पन्न कर शून्य आहे. पगारदार असला तर १२ लाख ७५ हजारांपर्यंत शून्य. म्हणजे महिन्याला लाख रुपये घरात येतात तरी हा कर नाही. त्यांच्यावर आमचा राग नाही. त्यांना मिळालं, चांगलं झालं. पण मग महिन्याला आठ हजार कमावणाऱ्याला "तू कर भरत नाहीस" असं महिन्याला लाख कमावणाऱ्याने म्हणायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

शेतीच्या उत्पन्नावरही हा कर नाही. आयकर कायद्यातच तसं आहे. नाचणी-वरीची दोन एकर करणाऱ्याला, एकरभर ऊस करणाऱ्याला तो नसावाच, आम्ही म्हणतो कधीच नसावा. पण पन्नास-शंभर एकर बागायत असणाऱ्यालाही तीच माफी, आणि दोन एकरवाल्याच्या नावाने. १९७२ साली केंद्र सरकारने के. एन. राज यांची समिती नेमली होती. मोठ्या शेतीवर कर बसवावा, लहानाला सोडावं, असा मार्ग त्या समितीने दाखवला. पन्नास वर्षं उलटून गेली, तो मार्ग कागदावरच राहिला. आपल्या जिल्ह्यात का राहिला असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

आता दुसरी जात. पाठीमागून घेतात तो कर. तो वस्तूच्या किमतीत मुरलेला असतो, जसं मीठ भाजीत मुरतं. दिसत नाही, पण प्रत्येक घासाला लागतो. याला आता जीएसटी म्हणतात. १ जुलै २०१७ ला आला. त्याआधी विक्रीकर होता, व्हॅट होता, अबकारी होता. नावं बदलली, देणारा तोच.

मोबाईलचं रिचार्ज घ्या. आज वस्तीवर प्रत्येक घरात एक तरी फोन आहे, कारण रेशनचा, बँकेचा, रोजगाराचा सगळा कारभार फोनवर गेलाय. २९९ रुपयांचं रिचार्ज मारलं की त्यात १८ टक्क्यांनी ४५ रुपयांच्या वर कर आहे. बंगल्यात राहणारा तेच रिचार्ज मारतो, तोही ४५ रुपयेच देतो. त्याचे ४५ म्हणजे एका चहाचे पैसे. आपले ४५ म्हणजे घरातल्या एका दिवसाची भाजी.

अंगाला लावायचा साबण घ्या. २०१७ पासून २०२५ च्या २२ सप्टेंबरपर्यंत, आठ वर्षं, साबणावर १८ टक्के कर होता. दहा रुपयांच्या वडीत दीड रुपया सरकारचा. आणि त्याच आठ वर्षांत सोन्यावर कर किती होता? ३ टक्के. कापलेल्या हिऱ्यावर त्याहून कमी. आयाबायांनो, तुम्हीच सांगा, साबण ही चैन आणि सोनं ही गरज, असं कुणाच्या घरात असतं? आता साबण, केसाचं तेल, दात घासायची पेस्ट यांचा कर ५ टक्क्यांवर आणला. पोरांच्या वह्यांवर १२ होता तो शून्य केला. चांगलं केलं, आम्ही चांगल्याला चांगलं म्हणतो. पण धुण्याची पावडर अजून १८ मध्येच आहे. आणि आठ वर्षं घेतले ते परत कोण देणार?

पिठाचंही बघा. १८ जुलै २०२२ पासून पिशवीत बंद करून नाव छापलेल्या पिठावर, तांदळावर ५ टक्के कर बसला. सुट्ट्यावर नाही. तेव्हा ज्या बाजारात सुटं मिळतं तिथून सुटं घ्या. एवढी तरी वाचवायची वाट आपल्या हातात आहे.

आता घरकुल. "सरकारने तुम्हाला घर फुकट दिलं" म्हणतात ना? सपाटीवरच्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. घर बांधायला सिमेंट लागतं. सिमेंटवर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत २८ टक्के कर होता. आता १८ आहे. धरा, पोत्याची मूळ किंमत ३०० रुपये. २८ टक्क्यांनी त्यावर ८४ रुपये कर. घराला १०० पोती लागली असं धरलं तर ८,४०० रुपये. नुसत्या सिमेंटमधून एवढे सरकारच्या तिजोरीत परत गेले. सळीवर वेगळे, पत्र्यावर वेगळे. एका हाताने दिलं त्याचा गावभर फलक लावला, दुसऱ्या हाताने घेतलं त्याची पावतीही नाही. तो कर "लाभार्थ्याने भरला" असं कुठल्याच वहीत लिहिलेलं सापडणार नाही.

एसटीचंही तसंच. राज्याच्या कायद्याप्रमाणे एसटी महामंडळाला प्रवासी कर भरावा लागतो, तो १७.५ टक्के आहे. महामंडळच कित्येक वर्षं तो कमी करा म्हणतंय. तो येतो आपल्या तिकिटातून. डिझेलवरचे केंद्राचे आणि राज्याचे कर त्याच्यावर आणखी. आणि विमानाच्या साध्या तिकिटावर जीएसटी किती? ५ टक्के. आता एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना माफ आहे, ते मिळालं ते सोडायचं नाही. पण ज्या वाड्यावर एसटीच येत नाही तिथल्या बाईला अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? ती वडापला पुरे पैसे देते. त्या जीपमधल्या प्रत्येक लिटरवर तोच कर आहे जो साहेबाच्या गाडीतल्या लिटरवर आहे.

कुणी म्हणेल, मोठी माणसं जास्त वस्तू घेतात, म्हणजे तीच जास्त कर देतात. रुपये मोजले तर बरोबर आहे. पण रुपये मोजून ओझं कळत नाही. हा हिशोब नीट ऐका, आणि घरी जाऊन पोरांकडून वहीत मांडून घ्या.

एका घरात महिन्याला ८,००० येतात. आठच्या आठ हजार बाजारात जातात, शिल्लक काही नाही. दुसऱ्या घरात १ लाख येतात. त्यातले ५०,००० खर्च होतात, ५०,००० बँकेत, सोन्यात, जागेत जातात. आता समजायला सोपं म्हणून धरा, खर्च केलेल्या शंभर रुपयांत सरासरी ५ रुपये कर आहे. पहिल्या घराने दिले ४००. दुसऱ्याने दिले २,५००. रुपये दुसऱ्याचे जास्त. पण कमाईच्या मानाने? पहिल्याच्या शंभरातले ५ गेले. दुसऱ्याच्या शंभरातले अडीच गेले. ज्याच्याकडे कमी, त्याच्यावर दुप्पट भार. दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आणि गड्याच्या डोक्यावर सारखीच मोळी दिली, तर सारखं वागवलं असं कुणी म्हणेल का?

हे दुखणं आजचं नाही. जोतिराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी शेतकऱ्यावरचे पट्ट्या-फंड, मिठावरची जकात यांचा हिशोब मांडला, आणि जंगल खात्याने डोंगर-गायरानं घेऊन जनावरांना चरायला जागा ठेवली नाही हेही लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे त्यांनी विचारलं की कष्टकऱ्यांच्या पैशावर सरकारचा महसूल उभा राहतो, मग तो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर का खर्च होतो? म्हणजे दोन प्रश्न झाले. पैसा कुणाकडून येतो, आणि कुणाकडे जातो. आजही हेच दोन प्रश्न आहेत.

मिठाचा कर इंग्रजांनी का धरून ठेवला? कारण मीठ राजाही खातो आणि कातकरीही खातो. गरीब मोजायला जास्त आहेत, म्हणून गरिबांकडून थोडं-थोडं घेतलं की ढीग होतो. तो कर १९४७ मध्ये गेला. पण तीच युक्ती साबणात, रिचार्जमध्ये, डिझेलमध्ये राहिली.

बाबासाहेब आंबेडकर १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात गेले. पहिल्याच अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवलं. उत्पन्न कर लावताना ठरावीक कमाईच्या खालच्या माणसाला सोडतात, पण शेतसारा मात्र मोठा जमीनदार असो की गरीब कुळंबी, सगळ्यांना लावतात, हे अन्यायाचं आहे असं त्यांनी सांगितलं. या बाबासाहेबांची आणि शाहू महाराजांची माणगाव परिषद मार्च १९२० मध्ये आपल्याच कोल्हापूर संस्थानात झाली. शाहू महाराजांनी संस्थानातली वेठबिगार बंद केली. वेठ म्हणजे काय हो? तोही करच होता. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडून अंगमेहनतीत घेतलेला कर.

म्हणजे कर हा शब्दच वाईट आहे असं नाही. कर नीट घेतला आणि नीट वापरला तर तो गरिबाचा आधार होतो. याचंही उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी पाहिला. त्या काळात रोजगार हमी उभी राहिली. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली. १९७७ मध्ये कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. पण पैसा कुठून? १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून घेतला. बागायत जमिनीवर खास आकारणी बसवली. आणि जेवढं या करांतून जमेल तेवढीच भर सरकारने टाकायची असं ठरलं. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून थोडं घेतलं, ज्याच्याकडे फक्त हात आहेत त्याच्या हाताला काम दिलं. देशाने २००५ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. आपण असा कर मागतो. करमाफी मागणारे आपण नव्हे, सरळ कर मागणारे आहोत.

पण देशाची गाडी उलट्या बाजूला गेली. मोठ्या माणसाच्या पश्चात त्याची इस्टेट पोरांकडे जाताना कर लागायचा, तो १९८५ मध्ये काढला. श्रीमंतांच्या संपत्तीवर कर होता, तो २०१५ च्या अर्थसंकल्पात काढला. २० सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला, आणि त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये कमी येतील असं सरकारनेच सांगितलं. वरचा दरवाजा उघडला. मग खर्च भागवायला खालच्या फटीतून घ्यावं लागतं. ती फट म्हणजे आपला पिशवीतला बाजार.

ज्याची संघटना, त्याचा कर हलका होतो, हेही शिकून घेऊया. आपल्या भागात साखर कारखाने आहेत. शेतकऱ्याला जास्त दिलेला ऊसदर हा कारखान्याचा नफा धरून आयकर खात्याने कर मागितला होता. हे भांडण कितीतरी वर्षं चाललं. सहकारी कारखाने पाठपुरावा करत राहिले. २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ च्या आधीच्या वर्षांसाठी सवलत मिळाली, जवळजवळ १० हजार कोटींचा दिलासा असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. शेतकऱ्याला दिलेला दर नफा नव्हे, हे त्यांचं म्हणणं आम्हालाही पटतं. पण त्यांच्याकडे चेअरमन होते, वकील होते, दिल्लीला जाणारी माणसं होती. आपल्या साबणाच्या १८ टक्क्यांसाठी दिल्लीला कोण गेलं?

आणि वकील नसले तरी जमतं, हेही कोल्हापूरनेच दाखवलंय. शहरातले रस्ते खासगी ठेकेदाराकडून करून घेतले आणि नाक्या-नाक्यावर टोल बसवला. लोकांनी विचारलं, आम्ही रस्त्यासाठी कर भरतोय, मग आमच्याच गावात फिरायला परत पैसे का? एन. डी. पाटील म्हातारपणी रस्त्यावर उतरले. गोविंद पानसरे त्या लढ्यात होते, २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते गेले, तरी लोक मागे हटले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारला टोल रद्द करावा लागला. रिक्षावाले, फेरीवाले, बायका, तालमीतली पोरं, सगळे एका प्रश्नावर एक झाले: दोनदा का द्यायचं?

आपण तर तीनदा देतो. हा तिसरा कर कुठल्याच कायद्यात नाही. रानात जनावर गेलं म्हणून दंड. सरपण आणलं म्हणून दंड. मध काढला, हिरडा गोळा केला, शिकेकाई आणली, की वाटेत कुणीतरी हात पुढे करतो. दाखल्याला पैसे, मोजणीला पैसे, आणि पावती मागितली तर शिवी. कोण घेतं त्याचं नाव इथं घेत नाही, पण ज्याने दिले त्याला माहीत आहे. दिवसाच्या मजुरीतून हे जातं. श्रीमंत माणसाला हा कर लागत नाही, कारण त्याला कुणी अडवत नाही.

इथं कायदा काय म्हणतो ते कान देऊन ऐका. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आपल्याला दिली आहे. गोळा करायची, वापरायची आणि विकायचीही. २०१२ मध्ये नियमांत सुधारणा झाली. त्यात स्पष्ट लिहिलंय की गौण वनोपज गोळा करण्यावर रॉयल्टी, फी किंवा दुसरा कसलाही आकार घ्यायचा नाही. तेव्हा हिरड्याच्या पोत्यावर कुणी पैसे मागितले, तर एवढंच म्हणायचं: पावती द्या, आणि कुठल्या नियमाने घेता ते लिहून द्या. भांडायचं नाही, पळायचं नाही. चार माणसं सोबत ठेवायची.

आता शेवटचा कर, घरपट्टी. आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, जमीन नावावर नाही, मग घरपट्टी कशाला भरायची? आणि ग्रामपंचायतीत गेलं की म्हणतात, आधी घरपट्टी भर, मग दाखला. भरली, तरी दिवा खालच्या गावात लागतो, नळ खालच्या गावात येतो, वाड्यावर झऱ्याचंच पाणी. याचा राग आम्हालाही आहे. पण मंडळी, घरपट्टीची पावती फाडून चुलीत टाकू नका. २००८ च्या वनहक्क नियमांत तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड यांच्या ओळीतच घरपट्टीच्या पावत्या लिहिल्या आहेत. म्हणजे तुमच्या आज्याने भरलेली घरपट्टी हा तुमच्या हक्काचा पुरावा आहे.

आणि दंडाची जुनी पावतीही जपा. वनखात्याने दंड केला, म्हणजे त्या साली तुम्ही त्या जागेवर होता हे वनखात्यानेच आपल्या सहीने लिहून दिलंय. ज्या कागदाने आपल्याला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद आपण इथले आहोत हे सांगतो. कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५ आहे, त्याआधीपासूनचा ताबा पाहिजे. आपले धनगर बांधव 'इतर पारंपरिक वननिवासी' मध्ये येतात, त्यांना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं राहणं दाखवावं लागतं. त्यांना तर एकेक जुना चिटोरा सोन्यासारखा आहे. कागद नसला तर वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे, एवढं लक्षात ठेवा.

जमीन नावावर नसण्याचा आणि कराचा संबंध इथं येतो. आपण सगळे कर देतो, पण सातबारा नाही म्हणून परत काही येत नाही. गव्याने भात खाल्लं, भरपाईला सातबारा दाखवा. बँकेत गेलो, सातबारा दाखवा. देताना आपण नागरिक, घेताना आपण अतिक्रमणवाले. आपला कोल्हापूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून नंदुरबार-गडचिरोलीच्या पेसा गावांना जो ५ टक्के थेट निधी मिळतो तोही आपल्याला नाही. म्हणून वनहक्काचा दावा ही सरकारकडे मागितलेली देणगी नाही. आपण भरलेल्या पैशाचं आणि घातलेल्या घामाचं खातं आपल्या नावावर करून घेणं आहे.

आता करायचं काय? पाच कामं सांगतो आणि थांबतो.

एक. प्रत्येक घराने एक प्लॅस्टिकची पिशवी करायची. त्यात घरपट्टी, पाणीपट्टी, दंड, रेशन, शाळेचा दाखला, जे जे कागद असतील ते ठेवायचे. पावसाळ्यात ती आढ्याला टांगायची. पुढच्या बैठकीला घेऊन यायची, आम्ही प्रत्येक कागदाची नोंद करू.

दोन. एक महिना बाजाराचा हिशोब ठेवायचा. काय घेतलं, किती दिले. पोरांनी वहीत लिहायचं, समोर कर किती बसला ते आपण मिळून काढायचं. दहा वस्त्यांचा हिशोब जमला की तो घेऊन आपण जिल्हाधिकारी कार्यालयावर जाऊ. आपलं निवेदन आपल्याच आकड्यांचं असेल.

तीन. ग्रामसभेला जायचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तिथं उभं राहून विचारायचं: आमच्या वाड्याची घरपट्टी किती जमली, आणि आमच्या वाड्यावर किती खर्च झाली? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकांसाठी खर्च करायचे असतात, ते कुठं गेले? तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही.

चार. पावतीशिवाय कुणालाही एक रुपया द्यायचा नाही. एकट्याला अडवलं तर वस्तीने जायचं.

पाच. आपल्या मागण्या पाठ करायच्या. घरकुलाच्या सिमेंट-सळीवरचा कर लाभार्थ्याला परत द्या. धुण्याच्या पावडरीवरचा, गरिबाच्या रिचार्जवरचा कर खाली आणा. एसटीचा प्रवासी कर कमी करा आणि वाड्यावर गाडी सोडा. मोठ्या इस्टेटीवर, मोठ्या वारशावर, मोठ्या बागायतीवर कर बसवा, लहान शेतकऱ्याला हात लावू नका. आणि वनहक्काचे दावे निकाली काढा.

खालच्या गावातल्या शेतकऱ्याशी, मजुराशी, पगारदाराशी आपलं भांडण नाही. त्याच्या साबणातही कर आहे, त्याच्या डिझेलमध्येही आहे. हा हिशोब त्यालाही समजावून सांगा. तो समजला तर उद्या तो आपल्या शेजारी उभा राहील, जसं टोलच्या वेळी सगळं शहर उभं राहिलं.

आणि पुन्हा कुणी म्हणालं की कर आम्ही भरतो आणि खाता तुम्ही, तर मान वर ठेवून त्याला सांगा: दादा, आम्हीही भरतो. तुमच्या कमाईच्या मानाने बघितलं तर जास्तच भरतो. बसा, वही काढा, हिशोब करूया.

जोहार. जिंदाबाद.